इम्प्लांट टिकले, हाड टिकले काय?

पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्या घरांतील साठी ओलांडलेल्या मंडळींच्या पानात पापड, खाकरा, भाजलेले शेंगदाणे तसेच राहून जात. कवळी सैल होते ही अडचण कोणी बोलून दाखवीत नसे. पानाकडे पाहिले की ती कळत असे. आज त्याच वयाची मंडळी निःशंकपणे खाकरा मोडून खातात. हे श्रेय बव्हंशी दंत-इम्प्लांटचे आहे, आणि ते मान्य करूनच पुढचे लिहीत आहे.

व्यापारी मनुष्य एकरकमी पैसे मोजतो, पावती घेतो आणि व्यवहार पुरा झाला असे समजतो. इम्प्लांटचा व्यवहार मात्र कॅप बसविल्या दिवसापासून सुरू होतो. टायटॅनियमच्या स्क्रूला कीड लागत नाही, तो गंजत नाही. परंतु ज्या हाडात तो रोवलेला असतो ते हाड जिवंत आहे आणि ते झिजू शकते. वरच्या जबड्यात या झिजेला फारसा वाव नसतो, कारण तेथे हाडाची शिल्लक मुळातच बेताची असते. शिवाय ही झीज बहुधा दुखत नाही. वाचकांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी, म्हणून हा लेख.

इम्प्लांटचा जन्म स्वीडनमधला. पेर-इंगवार ब्रॉनेमार्क हे शास्त्रज्ञ 1952 च्या सुमारास हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण काढू गेले असता ते निघेना. हाडाने धातूला घट्ट धरून ठेवले होते. (प्रयोग सशावर झाला, हे आपल्या वाचकांस खटकेल. मलाही खटकते. इतिहास मात्र तसाच आहे.) 1965 मध्ये त्यांनी यॉस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या जबड्यात चार इम्प्लांट बसविले. लार्सन 2006 मध्ये वारले, तोवर म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ते इम्प्लांट कामात होते. दवाखान्यातून सांगितल्या जाणाऱ्या या गोष्टीतील एक तपशील सहसा सांगायचा राहतो. ते चारही इम्प्लांट खालच्या जबड्यात होते.

खालचा आणि वरचा जबडा यांत फरक काय, हे नगरकरांना जुन्या वाड्याच्या उदाहरणाने पटेल. वाड्याचे जोते काळ्या दगडाचे आणि वरची भिंत पांढऱ्या मातीची. दगडाच्या सांध्यात ठोकलेली खुंटी पिढ्यान् पिढ्या हलत नाही. मातीच्या भिंतीतील खुंटी मात्र भार वाढला, ओल आली की भोवतीची माती सोडू लागते. खालच्या जबड्याचे हाड दाट असते. वरच्या जबड्यात, विशेषतः मागच्या दाढांच्या भागात, बाहेरचे कवच पातळ आणि आतील हाड सच्छिद्र, पावासारखे असते. म्हणूनच ब्रॉनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत इम्प्लांट हाडात रुजण्यासाठी खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने थांबत, तर वरच्या जबड्यात सहा.

दुसरी अडचण वरून येते. वरच्या दाढांच्या मुळांवर, गालाच्या आत, मॅक्झिलरी सायनस नावाची हवेची पोकळी असते. दाढ काढून जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवली की ही पोकळी खाली पसरत येते, आणि खालच्या बाजूने हाडाचा कंगोरा झिजत वर जातो. दात काढल्यानंतरच्या पहिल्या बारा महिन्यांत त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटू शकते, आणि त्यातील बरीच घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. ‘सीझन आटोपला की बघू’ असे म्हणून दोन-तीन दिवाळ्या घालविणारे व्यापारी माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. आठ-दहा मिलिमीटर लांबीचा स्क्रू बसवावयाचा आणि हाड उरलेले चार मिलिमीटर, अशा वेळी डॉक्टर सायनसचा तळ उचलून खाली हाडाची पूड भरतात. या पुडीविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे, कारण आपल्या समाजाचा संबंध तेथे अधिक येतो. वरच्या पुढच्या दातांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे ओठाकडील हाडाची भिंत बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असते. ती गेली की हिरडी वर सरते आणि हसताना दातापाशी करडी रेघ दिसू लागते.

आता झिजेचा हिशोब पाहू. इम्प्लांट बसविल्यानंतर पहिल्या वर्षात त्याच्या गळ्यापाशी एक ते दीड मिलिमीटर हाड कमी होणे, हे शरीराने नव्या वस्तूशी जुळवून घेण्याचा भाग म्हणून पूर्वीपासून धरले जाते. त्यानंतर किती झीज चालावी? 1986 मध्ये आल्ब्रेक्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे निकष मांडले, त्यांत दरवर्षी 0.2 मिलिमीटरहून कमी असा आकडा आहे. आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांना हा सरळ घसारा वाटेल. नव्या यंत्रावर पहिल्या वर्षी घसारा जास्त, पुढे अल्प. परंतु घसारा काढण्यासाठी मूळ किंमत वहीत लिहिलेली असावी लागते. इम्प्लांटच्या बाबतीत मूळ किंमत म्हणजे कॅप बसविली त्या दिवशीचा एक्स-रे. तो नसेल तर पाच वर्षांनंतरच्या एक्स-रेत दिसणारे हाड मुळातच तेवढे होते की त्यातले निम्मे गेले आहे, हे सांगणे अवघड होते.

झीज बव्हंशी हिरडीपासून सुरू होते. इम्प्लांटभोवती अन्नकणांचा आणि जंतूंचा थर साचला की हिरडी सुजते, ब्रश लावताच रक्त येते. इतकेच असेल तर हाड शाबूत असते आणि स्वच्छता केल्यास हिरडी पूर्ववत होऊ शकते. याकडे दुर्लक्ष झाले तर सूज आत उतरते व हाड विरघळू लागते. या अवस्थेला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. गेलेले हाड आपोआप परत येत नाही. बँकेत कर्जखाते थकण्याची चिन्हे दिसू लागताच ते एसएमए, म्हणजे विशेष लक्ष ठेवण्याच्या खात्यांत जाई, आणि नव्वद दिवसांची मर्यादा ओलांडली की एनपीए होई. कर्जदार खात्याच्या पहिल्या अवस्थेत शाखेत येऊन बसला तर बहुधा मार्ग निघे. नोटीस मिळाल्यावर येणाऱ्यासाठी पर्याय थोडेच उरत. हिरडीतून रक्त येणे ही पहिली अवस्था होय.

नैसर्गिक दातापेक्षा इम्प्लांटला धोका अधिक का, याचेही कारण आहे. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. तंतूंच्या पातळ आवरणातून तो खोबणीत झुलता धरलेला असतो आणि हिरडीचे तंतू त्याच्या मुळात शिरून गळ्याशी घट्ट बांध घालतात. इम्प्लांटभोवतीचे तंतू मुळात न शिरता त्याच्या अंगालगत जातात, म्हणून जंतूंना खाली उतरण्यास अडसर कमी. त्या आवरणाबरोबर दाबाची जाणीवही गेलेली असते. चावताना अति जोर पडला तरी इम्प्लांट तक्रार करीत नाही.

असे कितीजणांना होते? स्वीडनमधील संशोधकांनी 2015 मध्ये विविध अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात इम्प्लांट केलेल्या रुग्णांपैकी सरासरी 43 टक्क्यांना हिरडीची सूज आणि 22 टक्क्यांना हाडापर्यंत गेलेला विकार आढळला. निरनिराळ्या अभ्यासांतील आकडे बरेच कमी-अधिक आहेत, तेव्हा हे प्रमाण काटेकोर मानू नये. विकार विरळा नाही, एवढे मात्र त्यावरून ठरते. ज्यांचे मूळचे दातच पायरियाने गेले, जे नियमित तपासणीस जात नाहीत आणि ज्यांची तोंडाची स्वच्छता कमी पडते, त्यांना धोका सर्वांत अधिक. मधुमेह आटोक्यात नसणे आणि तंबाखू यांचा क्रम त्यापाठोपाठ लागतो. धूम्रपान करणाऱ्यांचे वरच्या जबड्यातील इम्प्लांट अधिक प्रमाणात निकामी होतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. आपल्या घरांत बिडी-सिगारेट कमी असली, तरी दुकानातील गल्ल्याशेजारच्या डबीत काय असते ते आपणांस ठाऊक आहे.

आडते बाजारातील माझ्या परिचयाच्या एका सद्गृहस्थांची हकिगत येथे सांगण्यासारखी आहे. त्यांनी एका मोठ्या शहरात वरच्या दोन्ही बाजूंच्या दाढांच्या जागी इम्प्लांट बसवून घेतले होते. दुखत नव्हते, म्हणून सात वर्षे ते तपासणीस गेले नाहीत. पुढे एका नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त पाणी येऊ लागले. सर्दी समजून औषधे झाली, मग कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे फेऱ्या झाल्या. शेवटी जबड्याचा थ्री-डी स्कॅन काढल्यावर निदान झाले: त्या बाजूच्या इम्प्लांटभोवतीचे हाड सायनसपर्यंत गेले होते. कॅप उघडून पाहावयाची, तर इम्प्लांट कोणत्या कंपनीचे हेच ठाऊक नाही. प्रत्येक कंपनीचा पेचकस आणि जोडभाग वेगळा असतो. मूळ दवाखाना बंद झालेला, पावतीवर केवळ ‘इम्प्लांट – 4 नग’. चाळीस वर्षे तुरीच्या पोत्यावरील लॉट नंबर न चुकता टिपून घेणाऱ्या या गृहस्थांनी आपल्या तोंडातील मालाचा लॉट नंबर विचारला नव्हता! ते इम्प्लांट काढावे लागले. दुसऱ्या बाजूचे वेळीच साफ केल्याने राहिले आहे.

प्रत्येक इम्प्लांटच्या वेष्टनावर कंपनीचे नाव, व्यास, लांबी आणि लॉट नंबर असलेली चिकटपट्टी असते. ती मागून घ्यावी, पहिल्या एक्स-रेच्या प्रतीसह फाईलला लावावी आणि फाईल कोठे आहे हे मुलाला वा सुनेला सांगून ठेवावे. कॅप स्क्रूने बसविली आहे की सिमेंटने, तेही लिहून घ्यावे. हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा कण हे हाड झिजण्याचे एक नेहमीचे कारण आहे. कंपनीची हमी बहुधा धातूच्या भागापुरती असते, शस्त्रक्रियेचा खर्च तीत येत नाही. मेडिक्लेमवरही भिस्त ठेवू नये. बहुतेक पॉलिसींत अपघात वगळता दातांचे उपचार बाहेर ठेवलेले असतात. अटी छापील असतात, त्या वाचाव्या.

आता हाडाच्या पुडीविषयी. सायनसखाली किंवा झिजलेल्या इम्प्लांटभोवती जी पूड भरतात, ती कशाची आहे हा प्रश्न आपल्या घरांतून क्वचितच विचारला जातो, आणि दवाखान्यातून आपण होऊन क्वचितच सांगितले जाते. जगभर मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी बायो-ऑस ही पूड गाईच्या हाडापासून तयार होते. तिच्यावर झाकण म्हणून घालावयाचा बायो-गाइड हा पडदा डुकरापासून मिळविलेल्या कोलॅजेनचा असतो. वैद्यकीयदृष्ट्या ही सामग्री चांगली मानली जाते, तिच्यावर प्रदीर्घ अभ्यास झालेले आहेत. डॉक्टर ती वापरतात यात गैर काही नाही. परंतु जो श्रावक जिलेटिनची कॅप्सूल फोडून आतील औषध घ्यावे काय, असे महाराज साहेबांना विचारतो, त्याला आपल्या जबड्यात काय भरले जात आहे हे शस्त्रक्रियेपूर्वी कळलेच पाहिजे. नंतर कळून मनस्ताप करून घेणारी माणसे मी पाहिली आहेत. भरलेली पूड नव्या हाडात मिसळून जाते, काढून टाकता येत नाही.

पर्याय उपलब्ध आहेत. रुग्णाच्याच हनुवटीचे किंवा मागच्या जबड्याचे हाड घेता येते. त्यासाठी दुसरी जखम सोसावी लागते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, हायड्रॉक्सिॲपेटाइट, बायोॲक्टिव्ह ग्लास या प्रयोगशाळेत बनविलेल्या पुडी मिळतात. मात्र हायड्रॉक्सिॲपेटाइट प्राणिजन्यही असते, म्हणून ‘सिंथेटिक’ हा शब्द वेष्टनावर पाहून घ्यावा. मानवी दात्यांकडून मिळालेले हाड हा तिसरा मार्ग. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये 1988 पासून टिश्यू बँक आहे. तेथे दान मिळालेले हाड शीतशुष्क करून गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते. नेत्रदानाचे फॉर्म भरून घेण्यात आपला समाज मागे नाही, त्याला ही कल्पना परकी वाटू नये. प्रत्येक पर्याय प्रत्येक रुग्णास सारखाच लागू पडेल असे नाही. निवड डॉक्टरांशी बोलूनच करावी, पण बोलणे शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी व्हावे. खुर्चीवर आडवे झाल्यावर विचारून उपयोग नाही. टाक्यांचा दोराही विचारावा. दातांच्या शस्त्रक्रियेत रेशमी दोरा सर्रास वापरतात, कॅटगट हा प्राण्यांच्या आतड्यापासून होतो. नायलॉनचा किंवा व्हिक्रिलसारखा कृत्रिम दोरा सांगितल्यास मिळतो.

दुसरा विषय थोडा नाजूक आहे. दशवैकालिक सूत्राच्या तिसऱ्या अध्ययनात साधूंसाठी जी अनाचीर्णे सांगितली आहेत, त्यांत दंतधावन येते; दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांतही अदंतधावन आहे. साधुजीवनाचा तो कडक नियम मनात ठेवून अनेक श्रावक-श्राविका उपवासात, अठ्ठाईत, पौषधात दातांना ब्रश लावीत नाहीत. ज्याचे दात स्वतःचे आहेत त्याचा प्रश्न वेगळा. इम्प्लांट असलेल्याने आठ दिवस तो भाग स्वच्छ न करणे म्हणजे जंतूंचा थर तसाच साचू देणे होय, आणि उपवासात लाळ कमी झाल्याने तोंडही कोरडे असते. तपस्या करू नये असे सुचविण्याचा अधिकार मला नाही, तशी इच्छाही नाही. मात्र तपस्या सुरू करण्याच्या आठवडाभर आधी दंतवैद्याकडून सफाई करून घेता येते, तिविहार उपवासात दिवसा उकळलेल्या पाण्याने चूळ भरण्याविषयी आणि पेस्टशिवाय, कोरड्या मऊ ब्रशाने सफाई करण्याविषयी गुरुभगवंतांना विचारता येते. परंपरेनुसार उत्तरे वेगवेगळी येतील. विचारल्यावाचून मनाने ठरविण्यापेक्षा ते बरे.

रोजच्या चौविहाराची बाब सोपी आहे. रात्री न खाण्याने दातांचा फायदाच होतो. अडचण सूर्यास्तापूर्वीच्या घाईत आहे: शेवटचा घास, पाण्याचा घोट, लगेच पच्चक्खाण, आणि पोळीचे कण इम्प्लांटच्या बाजूला सकाळच्या नवकारसीपर्यंत तसेच. पाच मिनिटे आधी ताटावरून उठावे. कॅपच्या दोन्ही बाजूंच्या फटीतून लहानसा इंटरडेंटल ब्रश फिरवावा, चूळ भरावी, मग पच्चक्खाण घ्यावे. तो ब्रश औषधांच्या दुकानात मिळतो. फटीच्या मापाचा कोणता, हे दंतवैद्याने एकदा दाखवून द्यावे.

तपासणीत दोन गोष्टी आग्रहाने मागाव्या. इम्प्लांटभोवती बारीक सळईने खोली मोजणे, आणि वर्षातून एकदा, निदान डॉक्टर सांगतील त्या अंतराने, त्याच जागेचा छोटा एक्स-रे. ‘हलत नाही, म्हणजे ठीक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये; इम्प्लांट हलू लागते तेव्हा बहुतेक हाड गेलेले असते. जुना एक्स-रे नसल्यास 2017 च्या जागतिक परिषदेत ठरलेले निकष लावतात: रक्त किंवा पू, सहा मिलिमीटर वा अधिक खोली आणि तीन मिलिमीटर वा अधिक हाडाची घट. म्हणजे कागद जपला नाही तर निदानालाच उशीर होतो. झीज आढळल्यास घाबरून जाऊ नये. खोल सफाई, हिरडी उघडून करावयाची शस्त्रक्रिया, काही जागी पुन्हा हाड भरणे असे टप्प्याटप्प्याचे उपाय आहेत. इम्प्लांट काढणे हा शेवटचा.

दुसरे मत घेण्यासाठी पुण्या-मुंबईसच गेले पाहिजे असेही नाही. आपल्या जिल्ह्यात लोणी येथे प्रवरेचे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे, नगरलगत यशवंतराव चव्हाण दंत महाविद्यालय आहे, संगमनेरजवळ एसएमबीटीचे आहे. दंत महाविद्यालयात हिरड्यांच्या विकारांचा विभाग वेगळा आणि कृत्रिम दातांचा वेगळा असतो. इम्प्लांट एकाने बसविले असेल, तर हाड झिजल्याची शंका दुसऱ्या विभागाच्या तज्ज्ञाकडून तपासून घेतलेली बरी. ज्याने कर्ज मंजूर केले त्यालाच त्या खात्याची तपासणी बँक सांगत नसे.

चातुर्मासात आपल्या स्थानकांतून आरोग्य शिबिरे होतात. डोळे तपासतात, साखर तपासतात, दात काढून कवळ्याही देतात. इम्प्लांट झालेल्यांची वेगळी तपासणी झालेली मात्र माझ्या पाहण्यात नाही. येत्या चातुर्मासात एखाद्या संघाने एक दिवस त्यासाठी ठेवावा, आणि येणाऱ्यास जुनी पावती, असल्यास चिकटपट्टी आणि पहिला एक्स-रे घेऊन येण्यास सांगावे. शिबिर पर्युषणापूर्वी पंधरा दिवस तरी आधी असावे, म्हणजे अठ्ठाई करणाऱ्यांची सफाई वेळेत होईल.